केशरबाई गेली

३ फेब्रुवारी
आजपासून मी अकोलेकर! नाशिकहून निघाले ती दोन बॅगा आणि भरपूर उत्साह घेऊन. काम तीन महिन्यांचं, ठेक्यावरचं. निराधार योजनेच्या यादीतल्या एकेकाच्या घरी फोन लावायचा, माणूस आहे ना विचारायचं आणि संगणकावर ‘हयात’ किंवा ‘मयत’ निवडायचं. शेजारच्या टेबलावरच्या पौर्णिमाताई इथल्याच. त्यांनी भाकर-ठेचा पुढ्यात सारून ‘लाजू नोको, खाय’ असा दमच भरला. ज्याचं काम बिनचूक, त्याला कायम करू, असं साहेब म्हणाले. मी लगेच बाबांना फोन करून ‘झालेच समजा’ म्हणून सांगितलं. बाजारात तुरी, दुसरं काय!

१० फेब्रुवारी
वऱ्हाडी आता कानाला गोड लागते. अर्धी कळते, अर्धी मी अंदाजानं भरून काढते. आज पातूरकडच्या एका गावातल्या केशरबाईची चौकशी केली. नंबर तिच्या शेजारणीचा, बेबीताईंचा होता. मागे बकऱ्या ओरडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘केशरबाई? ते तं गेली न वं, कालच गेली.’ मी हळहळले, ‘मयत’ निवडलं आणि पुढच्या नावाला लागले.

१७ फेब्रुवारी
हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बांगड्या वाजवत थेट माझ्या टेबलाशी आली. नाव विचारलं, तर केशरबाई! ती अंजनगावला लेकीकडे गेली होती. परतली तर घरात कोणी तिच्याकडे बघेना, सून ताट वाढेना. ‘मी बोलून राहिली, अन् कोनी आयकूनच नाई राहिलं,’ म्हणाली. मी तिला बसवलं. पौर्णिमाताईंनी विचारलं की एकटीच काय बडबडतेस, आणि आपली पर्स त्या खुर्चीवर टाकली. पर्स केशरबाईच्या मांडीतून आरपार गेली.

‘गेली’ म्हणजे काय, ते मी पौर्णिमाताईंना विचारलं. त्या हसल्या. गेली म्हणजे गावाला गेली. ‘आमी मेल्याले मेलाच म्हन्तो!’

नोंद बदलायची तर चूक साहेबांना लेखी कळवावी लागते. मग कायम होणं विसरा. उद्या सांगेन. फार लाज वाटते आहे.

२१ फेब्रुवारी
सांगितलं नाही. उलट तिच्या गावी गेले, घरच्यांना समजावू म्हणून. दारात मांडव, केशरबाईची तेरवी. तिला जाळल्याचं कोणालाच आठवत नव्हतं, पण ती मेली हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मला पाहुणी समजून पंगतीत बसवलं.

ती पानापानापुढे वाकून एकेकाला हाका मारत होती. मग माझ्यापुढे आली. ‘तुले तं दिसते न मी? मंग सांग न या लोकायले.’

मान खाली घालून मी बुंदी खाल्ली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी खाल्ली.

२३ फेब्रुवारी
ती माझ्या खोलीवर आली आहे. दाराशी बसते. रागावत नाही, हेच सोसवत नाही — तिचे पाय दिसेनासे झालेत. म्हणते, तू पाहून राहिली म्हणून मी आहो. डोये मिटू नोको.

२५ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. तीन महिन्यांची वाट न पाहता मला कायम केलं. यादी उद्या सकाळी वर जाणार, काही दुरुस्ती आहे का, विचारलं. ती माझ्या बाजूलाच — आता फक्त चेहरा —

मी नाही म्हणाले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दाराशी आहे. नुसतं बघते. मला बघवत नाही. तिच्यासाठी बघणं एवढंच माझ्या हाती आणि तेही —

मिटले. शरमेनं डोळे मिटले. थोडा वेळच —

तिच्या बांगड्या दिसत नसल्या तरी वाजत होत्या. आता नाही.

उघडते. ती असली तर सकाळी, यादी जायच्या आत, साहेबांना नक्की सां—