दाजींच्या हायकोर्टाबद्दल, बसच्या डाव्या बाजूकडून

अल खोर, कतार
४ सप्टेंबर २०२२

ती. दाजी यांस,

राजाभाऊचा अल खोरहून साष्टांग नमस्कार. (बाहेर चाळीस डिग्री आहे आणि आत एसीने फरशी बर्फ झाली आहे, त्यामुळे नमस्कार उभ्यानेच घातला आहे; तरी साष्टांग धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? बीपीची गोळी वेळेवर घेता ना? आम्ही इकडे ठीक. नमिता तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. कैवल्यला म्हटलं, आत्याला नमस्कार सांग, तर तो फोनमधून मान वर न करता "टेल हर हाय" म्हणाला. तोही नमस्कारच समजावा, भरपूर फी भरून मिळालेला आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही दोन प्रश्न विचाराल आणि मी उलटतपासणीत आडवा होईन. व्हॉट्सॲपवर तर आता माझा विश्वासच उरलेला नाही. म्हणून अरुणकुमार परवा सुट्टीवर नाशिकला निघाला आहे, त्याच्या हाती हे पाकीट देतो आहे. (तोच तो अरुणकुमार. पुढे येईलच.) लिहायचं कारण गार्गी. तुमची लेक परवा फोनवर म्हणाली, "मामा, आई-बाबा एकाच टेबलावर जेवतात, पण मीठ माझ्यामार्फत मागतात." मेपासून हे चालू आहे म्हणे. त्यात लग्नाचा पंचविसावा वाढदिवसही तसाच मुक्याने गेला. दाजी, त्या फोटोपायी तुमचं हायकोर्ट गेलं ते गेलंच, पण घरातलं बोलणंही गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा माझ्या बाजूला काय घडलं ते पहिल्यापासून सांगतो.

मार्चमध्ये पेपरात आलं की हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी सात वकिलांची शिफारस झाली आहे आणि त्यात ॲड. आबासाहेब, म्हणजे आमचे दाजी! नेमणूक अजून व्हायची होती, सरकारने फाइलवर सही करायची होती, हे सगळं खरं. पण मला कुठला दम. मी दोह्याला जाऊन तीन किलो पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीच्या बसमध्ये वाटले. अरुणकुमारने दोन घेतले, दोन्ही खाल्ले, हात पुसले आणि विचारलं, "पेढा चांगला आहे राजाभाऊ, पण माणूस कुणाचा?" मी म्हटलं, "कुणाचा म्हणजे? माझ्या बहिणीचा!" तो म्हणाला, "तसं नाही, कुठल्या पक्षाचा?" एवढंच. त्यानंतर त्या बसमध्ये कुणी झोपलं नाही.

अरुणकुमारचं म्हणणं असं की तुम्ही अकरा वर्षं सरकारी वकील होतात, म्हणजे तुम्ही सरकारचा माणूस. असा माणूस हायकोर्टात बसला तर सरकारविरुद्ध निकाल कोण देणार? माझं म्हणणं असं की डॉक्टरने अकरा वर्षं सरकारी दवाखान्यात काम केलं म्हणून तो काही सरकारचे आजार बरे करत नाही. (हे मला त्या वेळी फार बिनतोड वाटलं होतं.) बसमध्ये कायदा शिकलेला एकही माणूस नसल्याने चर्चा अगदी मोकळेपणाने झाली. आठवडाभरात बसचे दोन तट पडले. तुमच्या बाजूचे डावीकडच्या सीटवर, विरोधातले उजवीकडच्या. आता रास लफानच्या गॅस प्लांटवर कामाला जाताना आमची बस उत्तरेला जाते, म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून. येताना दक्षिणेला, म्हणजे संध्याकाळचंही ऊन उजवीकडूनच. एप्रिल संपता संपता उजवीकडचे सहाजण तुमच्या गुणवत्तेचे चाहते होऊन सावलीत आले. मी त्याला आपला विजय समजलो. अरुणकुमार मात्र खिडकीला टॉवेल लावून तत्त्वाला चिकटून राहिला.

एरवी हा वाद अर्ध्या तासात संपला असता. पण वर्ल्ड कपसाठी अर्धा देश खणून ठेवलेला. तंबूच्या आकाराचं ते स्टेडियम आमच्याच गावाला, त्यामुळे रोज नवा वळसा, रोज नवे पिवळे बोर्ड, आणि अर्ध्या तासाचा रस्ता सव्वा तासाचा. त्या वाढीव पाऊण तासात मी तुमच्यासाठी काय काय बोललो! एकदा तर भाषण करायला मी उठून उभा राहिलो तेव्हा आमचा ड्रायव्हर मन्सूर आरशातून म्हणाला, "साहब, वो जज बनें ना बनें, आप सीट बेल्ट तो बाँधो." मी बांधला आणि बसून बोललो.

आणि मग तो फोटो. ब्याण्णव सालचा, तुम्ही लॉ कॉलेजात असतानाचा: मित्र नगरसेवक झाला म्हणून जीपच्या बॉनेटवर चढून, गुलालाने माखून, हातात त्याच्या पक्षाचा झेंडा घेऊन नाचताय. तो पक्ष आज विरोधात. म्हणजे विचार केला तर फोटो तुमच्या बाजूचाच! एकीकडे सरकारी वकिली, दुसरीकडे हा झेंडा. याहून निष्पक्ष माणूस कुठे मिळणार? पण तसा विचार कुणी केला नाही. फोटो बसच्या ग्रुपवर आला, तिथून कुणाच्या तरी मेव्हण्याकडे, तिथून चॅनेलवर, आणि संध्याकाळी तुमच्या तोंडाभोवती लाल वर्तुळ. सरकारवाले म्हणाले, हा तर विरोधकांचा. विरोधक म्हणाले, हा तर आम्हाला सोडून गेलेला. फाइल परत आली. त्या दिवशी बसच्या दोन्ही बाजूंचं पहिल्यांदा एकमत झालं, की आता दाजी काही जज होत नाहीत.

माहेरच्या ग्रुपवर फोटो ताईच्या हातून चुकून गेला आणि तिथून पसरला, असं ताईने तुम्हाला सांगितलं आहे. त्याबद्दल मी काय लिहिणार? हल्ली फोनवर बोट टेकायचा अवकाश. तिला माफ करा एवढंच म्हणतो. मेमध्ये तुमचा मला फोन आला होता. म्हणालात, "राजा, सगळं बार असोसिएशन गप्प बसलं रे, तू तरी माझ्यासाठी भांडलास." त्यानंतर दोन दिवस मी बसमध्ये तोंड उघडलं नाही. मन्सूरने मला ताप आलाय का म्हणून विचारलं.

असो. गार्गीला आशीर्वाद. ताईला नमस्कार सांगा. (म्हणजे तुम्ही स्वतः सांगा.)

आपला,
राजाभाऊ

ता. क. : नोव्हेंबरात आमच्या गावच्या स्टेडियममधल्या एका मॅचची तिकिटं लागली आहेत, तुम्हा दोघांना बोलवायचं आहे. पाहुण्यांची नावं ऑनलाइन भरावी लागतात. दोघांचे पासपोर्ट नंबर लगेच कळवा. ताईचा पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे ते तुम्हाला तिलाच विचारावं लागेल.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवून झालं होतं, फाडून पुन्हा उघडलं. माहेरच्या ग्रुपवर तो फोटो कधी आलाच नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला तुमच्यासाठी जुन्या फोटोंचं काहीतरी करायचं म्हणून ताईने तो मला एकट्याला पाठवला होता, खाली लिहून की कुणाला दाखवू नकोस. बसच्या ग्रुपवर तो मी टाकला, पहाटे पाच चाळीसला, अरुणकुमारचं तोंड बंद करायला. संध्याकाळी बातम्या बघून ताईचा फोन आला. मी रडत होतो. ती म्हणाली, "तू गप्प राहा. ह्यांच्या बाजूने बोलणारा तू एकटा आहेस असं त्यांना वाटतंय, ते तसंच राहू दे. माझं मी बघते." आणि जन्मात कुणाचं ऐकून गप्प न राहिलेला मी, चार महिने गप्प राहिलो. दाजी, तुमच्या बाजूचं माणूस तेव्हाही एकच होतं, आणि ते कतारमध्ये नव्हतं. आधी तिच्याशी बोला. माझ्यावर मग काय ते चिडा.