माझ्या पेटीत कोण बोलायलंय?

परभणी,
ता. २६ मार्च १९७४

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी वाल्मीकचा मनापासून जयभीम.

पत्र वाचायच्या आधी पाकीट उलटं करून बघा. चिकटवलेल्या जागी मी निळ्या शाईनं तीन बारीक रेघा मारल्यात, अर्ध्या झाकणावर आणि अर्ध्या पाकिटावर. रेघा जुळत असतील तर पुढं वाचा. जुळत नसतील तर वाटेत कोणीतरी पत्र उघडलंय असं समजा आणि तरीपण पुढं वाचा, कारण एवढं सगळं दुसऱ्यांदा लिहायची माझ्यात ताकद नाही. आणि एकटेच वाचा. ताईला वाचून दाखवू नका. (का, ते शेवटी कळेल. आधी शेवट काढून बघू नका, मी तुम्हाला ओळखून आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? पोरं शाळेत जायलीत ना? रेडिओ अजून बंदच आहे असं कळलं, लय वाईट वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस तुमच्याकडं सेलूला होतो तेव्हा तर चांगला बोलत होता. तुमी शाळेत चित्रकलेचे मास्तर, तुमची शेती म्हणावी तर दारातलं कढीपत्त्याचं एक झाड, पण रोज दिवस मावळताना शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला कान लावून बसल्याशिवाय तुम्हाला घास उतरत नव्हता. शेजारच्या सितारामनंच रेडिओ बिघडवला असा तुमचा शक आहे, कारण त्याच दिवशी तो फ्यूज बघायला आत आला होता. त्यावरून तुमच्यात बोलणं बंद झालंय, त्यानं शिडी मागितली तरी तुमी दिली नाही, हेही कळलं. सिताराम तसा वाईट माणूस नाही दाजी. पण त्याबद्दल मागून लिहितो.

आता माझी कहाणी ऐका. आमच्या दत्तरावांच्या गायन पार्टीत मी गिटार वाजवतो हे तुम्हाला माहीत आहे. पण गिटार म्हणजे नुसतं लाकूड आणि तारा. खरा जीव तिच्या पेटीत, म्हणजे अँप्लीफायरमध्ये असतो. माझी पेटी स्टेशन रोडच्या आप्पाराव मेकॅनिकनं बांधली. प्लायवूडचा खोका, त्याला दहा इंची स्पीकर, आत बल्बासारखे काचेचे, तापून पेटणारे दोन बारके व्हॉल्व्ह आणि एक मोठा. हा मोठा व्हॉल्व्ह फार गुणाचा निघाला. (तो कुठून आला हे लिहायची ही जागा नाही.) लोक आता ट्रान्झिस्टरच्या पेट्या घ्यायलेत, हलक्या पडतात म्हणून. पडू द्या. ट्रान्झिस्टरचा आवाज स्टीलच्या ताटात चमचा पडल्यावाणी येतो. व्हॉल्व्ह दहा मिनिटं तापू द्या, मग सूर कसा ऊन भाकरीसारखा निघतो. माझी मांडणी ठरलेली आहे. पेटी दोन विटांवर, खाली गोणपाट, मागची बाजू मोकळी, लाऊडस्पीकरच्या कर्ण्याकडं पेटीची पाठ, नाहीतर शिट्टी मारते. आवाजाचं बटण निम्म्यावर, टोनचं निम्म्याच्या थोडं पुढं. ही खूण कोणी बघू नये म्हणून बटणांवर मी हातरुमाल टाकतो. टाकतो म्हणजे टाकतोच, लोक हसले तर हसू द्या.

तर मागच्या महिन्यात पेडगावला नव्या बुद्धविहाराचा कार्यक्रम होता. गाडीनं परत यायचं म्हणून दिवस मावळतानाच सुरू केला. दत्तराव बाबासाहेबांच्या शेवटच्या दिवसांचं गाणं गायलेले, बाया पदरानं डोळे पुसायल्या, आणि मी शेवटचा सूर लांबवून सोडून दिला. सगळीकडं शांत. आणि त्या शांततेत माझ्या पेटीतून एक गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले की, शेतकरी बंधूंनो, कपाशीवर मावा दिसताच फवारणीला उशीर करू नका.

दाजी, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मंडपात आधी कोणी हसेना, कारण प्रसंग तसा नव्हता. मग पुढं बसलेला एक म्हातारा उठला आणि औषध किती पाण्यात टाकायचं म्हणाले ते पुन्हा सांगा म्हणाला. मग मात्र मंडप फुटला. रडणाऱ्या बायासुद्धा पदर तोंडात कोंबून हसायल्या. दत्तराव माझ्याकडं असे बघायले की मी पेटीची वायरच उपटली.

आता कोणाही शहाण्या माणसाला पहिला शक कोणावर येईल? आमच्या रंगनाथवर. हा आमचा बेंजोवाला. गिटार यायच्या आधी सगळी वाहवा बेंजोला मिळायची, तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायलंय. यानंच माझ्या पेटीत बारका ट्रान्झिस्टर लपवला अशी माझी खात्री झाली. मी पेटी उघडून कोपरा न् कोपरा तपासला. एक झुरळ आणि माझीच हरवलेली गिटारची नखी सापडली, ट्रान्झिस्टर काही सापडला नाही. म्हणजे त्यानं आधीच काढून घेतला! मग मी तो चहाला गेल्यावर त्याची बेंजोची पेटी उघडून बघितली. तिच्यात अर्धा शेव-चिवडा होता. तो मी तपासासाठी म्हणून थोडा खाल्ला. (हे त्याला कळलंय असं मला वाटायलंय, कारण त्या दिवसापासून तो पेटीला कुलूप घालतो. मन साफ असलेला माणूस कुलूप कशाला घालील?)

दुसरा शक नागनाथवर. हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, त्याच्या सुराचं सगळ्या जिल्ह्यात नाव आहे आणि माझं नाव व्हावं असं त्याला वाटत नसणार. देवगाव फाट्याला एका लग्नात त्याचा कार्यक्रम होता. मी डोक्याला उपरणं गुंडाळून वऱ्हाडात घुसलो. बघतो तर त्यानं आपला स्पीकर धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीच्या तोंडावर ठेवलेला. सूर आधी कोठीत जाऊन घुमायचा, मग बाहेर यायचा. मी वाकून बघायलो तेवढ्यात त्यानं मला ओळखलं आणि वाल्मीकराव, या या, म्हणून हाताला धरून बसवलं. चहा मागवला. कोठी किती उंच पाहिजे, तिच्यात शेरभर ज्वारी राहू दिली तर पत्रा कसा खणखणत नाही, बटणं कुठं ठेवायची, सगळं न विचारता सांगितलं. दाजी, इतकं खरं बोलणारा माणूस काहीतरी लपवतच असतो! मी पक्कं ओळखलं. आणि लगेच त्यानं विचारलंच, तुमचा मोठा व्हॉल्व्ह फार चांगला आहे म्हणायलेत, कुठून आणला? मला एकदम ठसका लागला. चहा तसाच टाकून मी उठलो आणि मिळाली ती एस.टी. धरून निघालो. ती मानवतला जाणारी होती, पण ते जाऊ द्या.

शेवटी पेटी आप्पारावकडं नेली. तो म्हणाला, यात कोणाची काही लबाडी न्हाई, तुमच्या गिटारची वायरच एरियल झालीय. परभणीचं आकाशवाणी केंद्र जवळ, त्याचा जोर मोठा, उघडी वायर त्याला आपोआप धरते. वरून तारेची जाळी असलेली वायर मिळेपर्यंत अर्थिंग करा. म्हणजे एक लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा टाकायचा, पाणी घालून माती ओली ठेवायची आणि पेटीची एक वायर तिला बांधायची. बोलता बोलता त्यानं मोठा व्हॉल्व्ह उजेडात धरला आणि हा तर रेडिओतला दिसायलाय, असं माझ्याकडं न बघता म्हणाला. न बघता का म्हणाला असेल?

तेव्हापासून मी कार्यक्रमाला गिटार, पेटी, दोन विटा, गोणपाट, सळई, हातोडा, मिठाची पुडी, कोळसे आणि एक बादली घेऊन जातो. रंगनाथ म्हणतो हा गिटारवाला हाय का पाथरवट. पण दोन कार्यक्रमांत पेटी चूप बसली आणि मला वाटलं सुटलो.

परवा राणीसावरगावला गेलो. सळई मंडपामागं ठोकली, पाणी घातलं. तीच दिवस मावळायची वेळ, तेच गाणं, गाण्यातली तीच जागा, मी सूर सोडला आणि तोच गोड गृहस्थ हजर! या खेपेला ज्वारीची साठवण. मी धावत मागं गेलो तर सळई जागेवर नव्हती. खुंटी दिसली म्हणून कोणीतरी तिला वासरू बांधलं होतं आणि वासरू सळई उपटून वायरीसकट ओढ्याकडं निघालं होतं. वासरू कोणी बांधलं? विचारलं तर सगळं गाव आमी न्हाई म्हणालं. रंगनाथ तेव्हा स्टेजवर माझ्या शेजारीच बसून वाजवत होता, शंभर माणसांनी बघितलंय. पण आधी बांधून आला नसेल कशावरून?

दत्तराव तसे देवमाणूस, आवाज चढवत नाहीत. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की, वाल्मीक, चौदा एप्रिलला परभणीत जयंतीचा कार्यक्रम हाय. त्या दिवशी बाबासाहेबांच्या नावासमोर तुझी पेटी शेतीवर बोलली तर गिटार कायमची बंद, तू झांज धर.

दाजी, मी ऑफिसात नुसता क्लार्क आहे. घरी बायको मला अहो म्हणते आणि पिशवी हातात देते. चार माणसांत वाल्मीक गिटारवाला म्हणून कोणी मान वळवून बघतं ते या गिटारीमुळं. झांज कोणीही वाजवू शकतो. रंगनाथसमोर मी झांज धरून बसलो तर मला रडू येईल, खरंच सांगतो. झोप उडालीय माझी. तुमच्याशिवाय हे कोणाला सांगावं?

ताईला जयभीम. पोरांना गोड पापा.

आपला मेहुणा,
वाल्मीक

ता.क. आता खरं काम. सितारामशी बोलायला लागा आणि त्याला शिडी द्या. त्यानं रेडिओला हातसुद्धा लावला नव्हता. तो मोठा व्हॉल्व्ह तुमच्या रेडिओतला आहे. दिवाळीत तुमी बाजारात गेलात तेव्हा मी काढला आणि त्याच्या जागी माझा जळालेला बसवला. जयंती झाली की परत आणून बसवीन असं मनात होतं, पण सूर इतका सुंदर निघाला की हात धजेना. मला माफ करा. करणार नसाल तर निदान गुडघा बरा होईपर्यंत इकडं येऊ नका.

ता.क. २. आप्पाराव वायरीचं सांगतो ते खरं असेल. पण मला एक शक आहे. एवढ्या मोठ्या केंद्रावर भजन लागतं, बातम्या लागतात, नाटकं लागतात. माझ्या पेटीतून मात्र दोन्ही खेपेला तुमचाच कार्यक्रम निघाला, तुमच्याच वेळेला! व्हॉल्व्ह तुमची आठवण काढायलाय दाजी. तेव्हा एका कोऱ्या कागदावर ‘व्हॉल्व्ह मी माझ्या राजीखुशीनं वाल्मीकला दिला’ एवढं लिहून खाली सही करा आणि चौदा तारखेच्या आत पाठवा. मी तो कागद पेटीत आतून चिकटवणार आहे. सळई तर ठोकीनच, पण एकट्या सळईवर माझा भरवसा राहिला नाही.

ता.क. ३. व्हॉल्व्ह परत करायला मी आलो नव्हतो असं समजू नका. पंधरा दिवसांमागं एका रविवारी तुमी पोरांना घेऊन सहलीला गेला होता तेव्हा तो रुमालात गुंडाळून सेलूला आलो होतो. ताईनं दारातच अडवलं. म्हणाली, “रेडिओ होता तवा हा माणूस संध्याकाळभर कापसाशी बोलायचा. आता जेवताना माझ्याशी बोलायलाय. परवा मला म्हणाला, तुझा खोकला कसाय. तेरा वर्षांत पहिल्यांदा इचारलं. तो काचेचा तुकडा परत बसवलास तर मला बहीण म्हणू नको.” मी आल्या पावली परत फिरलो. दिवाळीत रेडिओ उघडला तेव्हा स्क्रू वाटीत धरून कोण उभं होतं ते मी सांगणार नाही, पण वाटी तुमच्याच घरातली होती. तेव्हा सही करून टाका. आणि खोकल्याचं रोज विचारत जा. तिचा खोकला संक्रांतीलाच बरा झालाय, तुमी विचारावं म्हणून ती खोकायली. मला सगळ्या दुनियेचा शक येतो दाजी, पण या एका गोष्टीबद्दल अजिबात शक नाही.