सहा गप्पी, स्वच्छ पाणी

सोमवार, ३ जून
सासूबाई फोनवर म्हणाल्या, जावईबापू, मुलगी आणि बाळ सध्या इथेच राहतील. कारण काय, तर मी झोपलेल्या बाळाला श्वास चालू आहे का हे बघायला उठवतो. उठून रडलं की खात्री होते, एवढं साधं त्यांना कळत नाही. मागून बायको म्हणाली, एखादा जीव न चिवडता सांभाळून दाखव, मग येते.
दाखवतो. माशांची टाकी आणणार.

मंगळवार, ४ जून
टाकी, फिल्टर, वाळू आणली. दुकानदार म्हणाला, फिल्टर चालू ठेवा आणि महिनाभर मासे सोडू नका, पाणी तयार होऊ द्या. पाणी तयारच असतं, नळातून येतं. शिवाय महिनाभर बाळ तिकडे कसं राहील? सहा गप्पी मागितले. त्याने खांदे उडवले आणि जाळी उचलली.

शुक्रवार, ७ जून
पाणी दुधी झालं. सगळं उपसून नवं भरलं. वाळू उकळली. फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. मासे तोवर बादलीत. बाबा पेपर खाली करून म्हणाले, अरे, त्यांना जरा टाकीतही राहू दे. बाबांना स्वच्छतेचं कधीच काही नव्हतं.
बायकोला फोटो पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. सुरुवात उत्तम.

सोमवार, १० जून
एक गप्पी उताणा. मुळातच अशक्त असावा. त्याच रंगाचा दुसरा आणला. ही फसवणूक नव्हे. फोटोत सहा दिसायला हवेत.
नवा नियम: रोज पूर्ण पाणी बदलायचं.

बुधवार, १२ जून
आणखी दोन गेले. दोन आणले. मी दिसलो की दुकानदार आता आपणहून पिशवीत पाणी भरतो. म्हणाला, साहेब, स्पंज धुऊ नका, घाण पचवणारे जंतू त्यातच असतात. ज्या घरात बाळ येणार, तिथे जंतू पाळा म्हणतो! वाद घातला नाही.
रात्री बायकोचा फोन. मासे अजून आहेत याचं तिला नवल वाटलं. आवाज मऊ होता. रविवारी बाळाला घेऊन येते म्हणाली. बॅगही आणते, पण राहायचं की नाही ते तिथे आल्यावर ठरवीन.

शनिवार, १५ जून
मोठी साफसफाई. काच आतून ब्लीचने घासली, बरीच धुतली. नवं पाणी. सहाही जण वर येऊन तोंडं उघडतायत, मिटतायत. खुशीत दिसतात. बाबा म्हणाले, अरे, गुदमरतायत ते. बाबांना सगळीकडे वाईटच दिसतं.

रविवार, १६ जून, सकाळ
सगळे गेले. दुकान रविवारी बंद असतं.

रविवार, संध्याकाळ
ती आली. बॅग होती. रिकाम्या टाकीसमोर बाळाला घेऊन उभी राहिली. मी म्हणालो, मासे तपासणीला दिलेत. बाबा खोकले. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, जाऊ दे रे, मासेच होते. घे याला, केव्हाचा तुझ्याकडे बघतोय. आणि बाळ पुढे केलं.
याच हातांनी मासे उचलले होते. एक मिनिट, हात धुऊन येतो, म्हणालो. साबण लावला. ब्लीचचा वास जाईना, म्हणून परत. मग नळ बंद करताना नळाला हात लागला, म्हणून परत. बाहेरून तिने विचारलं, घेतोस ना? आलोच, म्हणालो. नखं राहिली होती.
बाहेर आलो तर बाबा एकटेच. बॅगही नव्हती. बाबा म्हणाले, बराच वेळ उभी होती रे.
घाईत असावी. पुढच्या वेळी हात आधीच धुऊन ठेवीन.
टाकीच्या काचेवर बाळाच्या तळव्याचा ओलसर ठसा उमटला होता. अंधार पडेपर्यंत तसाच राहू दिला. मग पुसला.