गोड राख

ज्येष्ठ व. ९
राजवाड्याकडची जुनी दारे, छताच्या रंगीत फळ्या, सगळे वाळवीने खाल्लेले, काल भट्टीत गेले. राज्य खालसा झाले तेव्हा बाबा रडले होते. मी दारे जाळून पगार घेतो.
मुनसिपालटीत राखेचा नियम माझाच. गावच्या कचऱ्याची राख तीन पाण्यांत भिजवून, चाळून शेतकऱ्यांना. रंगीत लाकडाची चुन्यात कालवून चिकणमातीच्या खड्ड्यात पुरायची. रंगातले शिसे जाळून जात नाही. कुठली कोणती ते भट्टीवरचा मजूर मुनियांडी सांगतो. चिमूट जिभेवर ठेवतो, थुंकतो. खारट असली तर गप्प. गोड लागली की तमिळीत, "इनिक्किदु अय्या, वेंडाम." गोड आहे, नको. गोड म्हणजे शिसे. दहा वर्षे हेच. आम्ही ब्राह्मण उकिरड्याच्या राखेला जीभ कशी लावणार? जीभ त्याची, शाबासकी माझी. दोरे, म्हणजे गोरे साहेब, पाठ थोपटतात तीही माझीच.

व. ११
एकादशी. मु. आला नाही. पुन्हा त्याच्या पोटात कळ.
जुन्या घरातून आक्काचा, थोरल्या बहिणीचा, निरोप, गोठ्यात ओल फार, लक्ष्मी गाईला गोचीड झालेत, राख धाड. वाऱ्याने ढिगांवरच्या खुणेच्या काठ्या पडलेल्या. पांढरी, मऊ होती ती दोन टोपल्या भरली. चाखावी असे मनात आले. पण उपास. आणि ती राख कसली कसली... नाही चाखली.

व. १३
आक्काकडे गेलो होतो. फार खूश. "व्यंकू, लक्ष्मी अस्की, सगळी राख चाटते रे! गूळ घातलास की काय?" मीही हसलो. म्हटले, तुझी गाय तुझ्यासारखीच, गोडघाशी.
घरी पानावर बसलो आणि घास हातातच राहिला. गूळ.
तसाच उठून गेलो. गोठा खरवडून काढला. आक्काला सांगितले, ओली निघाली, दुसरी आणतो. लबाड मेला मी.

अमावास्या
लक्ष्मीला दिसत नाही. भिंतीला डोके टेकून उभी, करकरा दात खाते. वैद्य बघून गेला, त्याला काही कळले नाही. आक्का म्हणते, "माझा शुक्रवार चुकला. त्याचेच हे." मी बाजूला उभा.

आषाढ शु. १
गेली. सकाळी.
आक्का सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. घरात तिच्याशी कोण बोलत होते? ती गाईशी बोलायची. आज शिंगांना हळद लावताना म्हणाली, "चुकले ग माझे." ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शु. ४
मु. आला. वाळलाय. दोन्ही मनगटे लोंबतात, फावडे धरवत नाही. तरी सवयीने ढिगाकडे गेला, बोट ओले केले. मी हात धरला. इतकी वर्षे तो हात कधी धरला नव्हता. अगदी लुळा.
मग मीच चिमूट घेतली. गोड. किती गोड.
त्याच्यासमोर रडलो. गाईचे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "आक्कांना सांगितलेत, अय्या?" स्वतःच्या हातांबद्दल चकार शब्द नाही. मीही विचारले नाही. धीर झाला नाही.

शु. ६
वाटेत कालव्याला नवे पाणी आलेले. आक्काकडे ठरवून गेलो, आज सांगायचेच.
ती गोठा सारवत होती. शेजारीण कालवड देणार आहे म्हणे. किती दिवसांनी तोंडावर हसू. "बरा आलास. तिला आणण्याआधी राख पसरायला हवी. तुझ्याच हातची आण हं. दुसऱ्या कोणाची नक्को."
खाली बसलो. म्हटले, "आक्का, तुझे काही चुकले नाही. ती राख..."
शेणाचा हात तसाच धरून तिने माझ्याकडे पाहिले.