चामड्याला आणि लोखंडालाही

॥ श्री ॥
कुंभकोणम्, २ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप सौ. वेदवती अक्कास धाकट्या लक्ष्मीनारायणाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

भावोजींनी धाडलेला तेलाचा डबा पोचला. चामडे, लोखंड, लाकूड, शिवणयंत्र, सगळ्यांस हे एकच तेल चालते म्हणे. रसमात घालावे, एवढे लिहायचे राहिले आहे! थट्टा सोड, पण मला भरवसा नाही. तुळसीच्या पायाचा कॅलिपर म्हणजे दोन लोखंडी दांडे आणि चार चामडी पट्टे. पोलिओनंतर तीन वर्षांनी लेक त्याच्या जोरावर उभी राहिली. इथल्या दमटपणाने दांडे गंजतात, पट्ट्यांस बुरशी येते, हे खरे. पण जटक्या-टांग्यांच्या घोड्यांचे साज शिवणारा रामलिंग म्हणतो की लोखंडास जे पातळ तेल मानवते, ते चामड्याची शिवण कुजवते. तो पट्ट्यांस एरंडेल आणि मेण लावायला सांगतो. तेच चालू ठेवतो. रागावू नकोस, माया पूर्वीसारखीच असू दे.

तुझा लक्ष्मीनारायण


चेन्नपट्टण, ९ सप्टेंबर १९५६

चि. लक्ष्मीनारायणास अनेक आशीर्वाद.

लहानपणी कॉफीसुद्धा मी आधी चाखल्याशिवाय तू तोंडाला लावत नसायचास. संशयी तो संशयीच! तुझे पत्र वाचून हे अर्ध्या जेवणावरून उठले. शिकल्या माणसाने साज शिवणाऱ्याचे ऐकावे आणि घरच्या वडील माणसाचे ऐकू नये, एवढेच म्हणाले. त्या कॅलिपरसाठी यांनी सात महिने इस्पितळाच्या पायऱ्या झिजवल्या, हे विसरू नकोस. नवरात्रात तुळसी आपल्या पायांनी घरोघरचा बाहुल्यांचा कोलू पाहायला जाणार ना? तेव्हा ते दांडे करकरू नयेत. माझ्यासाठी तरी लाव. चि. सौ. अलमेलूस व तुळसीस आशीर्वाद.

तुझी अक्का


कुंभकोणम्, ३० सप्टेंबर १९५६

ती. अक्कास सा. न.

लावले. अलमेलू रोज सकाळी कापसाच्या बोळ्याने लावते. करकर थांबली, दांडे आरशासारखे झाले, तुळसी खूश आहे. भावोजींस सांग. पट्टे मात्र भिजल्या अप्पळा-पापडागत मऊ पडलेत, दर आठवड्यास एक भोक पुढे आवळावे लागते. रामलिंगास दाखवायला हवे. पण त्याचे ऐकले नाही, आता कोणत्या तोंडाने जाऊ? नवरात्र उरकले की जाईन. आमची आठवण ठेव.

लक्ष्मीनारायण


कुंभकोणम्, १६ ऑक्टोबर १९५६

अक्का,

तुळसी गुरुवारी पडली. शेजारच्या विशालाक्षीकडे कोलूला निघाली होती. आईचा हात सोडवून, एकटीच उतरते म्हणाली. तिसऱ्या पायरीवर गुडघ्याच्या पट्ट्याची शिवण उसवली. मांडीचे हाड मोडले आहे. रडली नाही. आपल्याला पडताना कोणी पाहिले का, एवढेच तिने विचारले.

रामलिंग आपण होऊन आला. त्याने दोन बोटांनी पट्टा ओढला, तसा दोरा सुटून हाती आला. तो त्याने माझ्या तळहातावर ठेवला आणि निघून गेला. बोलला असता तर बरे झाले असते.

ल.


चेन्नपट्टण, २० ऑक्टोबर १९५६

चि. लक्ष्मीनारायणा,

यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तुला भरीस मी घातले, दोष मला दे. नवा कॅलिपर मिळवायला हे उद्याच इस्पितळात जाणार आहेत. तो घेऊनच आम्ही येतो. तोवर धीर सोडू नकोस, बाळा.

अक्का


कुंभकोणम्, ५ डिसेंबर १९५६

तीर्थरूप अक्कास,

प्लास्टर काढले. हाड वाकडे जुळले आहे. तंजावरचे डॉक्टर म्हणतात, हा पाय आता भार घेणार नाही, कॅलिपर लावूनही नाही. तेव्हा नवा आणू नका. तिच्या नजरेस पडू नये.

भावोजींवर माझा राग नाही. त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पट्टा रोज माझ्या हाताने आवळत होतो, रामलिंगाचे घर दोन गल्ल्यांवर होते, आणि लाजेपायी मी गेलो नाही. अलमेलू मला काही म्हणत नाही. ती आता माझ्याशी फार बोलतच नाही.

उभी राहायला शिकल्यापासून तुळसी मला उचलू देत नसे. हात लावला तर ढकलून द्यायची. आता सकाळी माझी पावले ऐकताच, मी खोलीत शिरण्याआधीच, ती दोन्ही हात वर करून बसते.

लोभ ठेव असे लिहिण्याचा धीर होत नाही.

लक्ष्मीनारायण