प्रेत मी, भूत तो

३ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण एकच: सूड. सूड घ्यायचा तर सगळं लेखी हवं, नाहीतर मी विसरतो.

चॅनेलने पेपरात यादी छापली आहे. ‘दार लावून घ्या’ या आमच्या मालिकेचे सर्वांत भीतीदायक दहा भाग. दहापैकी सहा भागांत मी मेलेलो आहे. चौथ्या नंबरच्या भागाचा फोटोही आहे, त्यात माझ्या पायांचे तळवे आहेत. बाकीचा मी त्यांनी कापून टाकलाय. लमायला दाखवला. नवऱ्याचा अपमान बघून बायको पेटून उठेल असं वाटलं होतं. म्हणाली, नखं तरी कापायची होती.

सोळा वर्षं. एकशे बारा मरणं. बुडून, जळून, फास लागून, एकदा डोक्यात फणस पडून. टायटल्समध्ये थोंगबाय हे नाव एकदाही नाही. दोनशेव्या भागानंतर प्रेक्षकांची मतं घेऊन नवी यादी निघणार आहे. त्यात माझं नाव आणि माझा चेहरा आलाच पाहिजे. वरचा भाग. तळवे नव्हे.

५ मे
रंगसनला भेटलो. डायरेक्टर. सगळं युनिट त्याला ‘पी’ म्हणतं, म्हणजे दादा. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे. मी म्हणत नाही. फक्त तोंडावर म्हणतो.

दोनशेव्या भागात मेलेला माणूस भूत होऊन उठतो आणि तीन वाक्यं बोलतो. तीन! हा रोल रंगसनने मला गेल्या सोंगक्रानला, नववर्षाच्या सणाला, कबूल केला होता, माझ्या डोक्यावर पाणी ओतता ओतता. सणासुदीचा शब्द. आज म्हणतो, काका, प्रेत तुम्हीच, भूत गोल्फ करेल. गोल्फ म्हणजे शाम्पूच्या जाहिरातीतला पोरगा, वय चोवीस. मी अठ्ठावन्न. मी विचारलं, मेल्यावर माणूस चौतीस वर्षांनी लहान कसा होतो? म्हणाला, आत्म्याला वय नसतं, काका. सगळं युनिट हसलं. मीही हसलो, पण मनातून नाही.

संकल्प: रंगसनला संपवणे (करिअर). गोल्फला टक्कल पडावं यासाठी प्रार्थना. आजपासून गोड बंद, कारण सूड घेणारा माणूस सडपातळ दिसतो.

६ मे
आंबा आणि चिकट भात खाल्ला. आंबा हे फळ आहे, गोडात धरत नाहीत.

९ मे
प्लॅन एक. स्टुडिओच्या फाटकाशी भूमीदेवाचं छोटं देऊळ आहे. रोज सगळे तिथे लाल सरबताची बाटली स्ट्रॉ खोचून ठेवतात आणि मालिकेचं भलं मागतात. मी वाईट मागायचं ठरवलं. बाटली नेली, हात जोडले, म्हटलं, रंगसनचा पाय मोडू दे. डावा चालेल.

परत येताना केबलमध्ये अडकून माझाच पाय मुरगळला. डावा. मागून विचार केला तेव्हा लक्षात आलं: रस्त्यात ऊन फार होतं, बाटलीतलं थोडं मी प्यायलो होतो. देवाला उष्टं चालत नाही. म्हणजे प्लॅन बरोबर होता, सरबत चुकलं.

१० मे
गोल्फ विचारपूस करायला आला. काका, पाय कसा आहे? आणि बॅटरीवरचा छोटा पंखा दिला, प्रेत होऊन पडता तेव्हा उकडत असेल ना म्हणून. लाच. घेतली. पंखा चांगला आहे. टकलाची प्रार्थना चालू ठेवायची, पण रोज नको.

१८ मे, दाढी करताना
सुचलं!!

आमच्या धंद्यात प्रेत झालेल्या नटाने कट झाल्या झाल्या डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं. नाहीतर खोटं मरण अंगाला चिकटतं. म्हणून कॅमेरामन कटनंतरही दोन सेकंद कॅमेरा चालू ठेवतो, आणि निंग, आमची असिस्टंट, समोर उभी राहून बघते. दात दिसल्याशिवाय सोडत नाही. मी एकशे बारा वेळा हसलोय, म्हणून तर आज दाढी करतोय.

आता समजा, मी कटच्या आधी हसलो तर? भर शॉटमध्ये? दोनशेवा भाग, प्रेताला नातेवाईक पाणी घालताहेत, विधवा हंबरडा फोडतेय, आणि प्रेत दात काढतंय! सगळा देश पोट धरून हसेल. रंगसनला यानंतर कुणी वाढदिवसाचं शूटिंगही देणार नाही. आणि शॉट पुन्हा घेता येणार नाही, कारण देवळाचा मंडप आम्हाला अकरापर्यंतच मिळालाय. अकरानंतर तिथे खरी मयत आहे.

इतका हुशार माणूस सोळा वर्षं आडवा पडून राहिला, हेच आश्चर्य.

२१ मे
आरशासमोर प्रॅक्टिस. फार मोठं हसू नको, पण शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे. ओठाचा डावा कोपरा आधी, उजवा मागून. लमायने दारातून बघितलं. म्हणाली, दाढ दुखतेय का? मी म्हटलं, हा अभिनय आहे. म्हणाली, हेच हसू आपल्या लग्नाच्या फोटोत आहे. माझी आई तेव्हाच घाबरली होती.

सासूबाई कशालाही घाबरायच्या. त्यांचं मत धरता येत नाही.

२ जून, दुपार
झालं. 

सविस्तर. सकाळी सात वाजता पांढरा सदरा, तोंडाला पावडर, नाकात कापूस. उजवा हात चादरीबाहेर, त्यावर नातेवाईकांनी एकेक करून सुगंधी पाणी घालायचं. सगळा विधी एका सलग शॉटमध्ये. रंगसन ओरडला, वेळ नाही, एकच टेक, चुकाल तर याद राखा! मनात म्हटलं, याद तूच राखशील बाबा.

ठरलं होतं की तिसऱ्याने पाणी घातलं की हसायचं. तिसरा आला. तेवढ्यात मनात आलं, मेलेला असतानाच हसलो तर कटनंतरचं हसू धरलं जाईल का? की मरण चिकटेल? असला प्रश्न अर्धवट सोडून हसणं बरं नव्हे, म्हणून तिसरा जाऊ दिला. चौथाही जाऊ दिला. घाबरलो नव्हतो. विचार करत होतो. सहावी आली ती विधवा. तिच्या पाण्यात बर्फ होता, कुणा मूर्खाने थर्मासमधलं ओतलं होतं. थेंब मनगटावरून कोपरापर्यंत आला, आणि मला कोपराशी गुदगुल्या होतात.

हसलो. डावा कोपरा आधी, उजवा मागून. डोळे पण थोडे उघडले, कॅमेऱ्यात बघितलं. गुदगुल्यांमुळे हसलो असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. सगळं प्लॅनप्रमाणे झालं, फक्त तिसऱ्याऐवजी सहावी.

कुणाच्याही लक्षात आलं नाही! सगळे विधवेकडे बघत होते. कट. रंगसन म्हणाला, परफेक्ट. निंग म्हणाली, काका, हसा. मी पुन्हा हसलो. मंडपाबाहेर खऱ्या मयतीची माणसं उभी होती, ती दोन पावलं मागे सरकली.

१५ जून
एकच काळजी: एडिटिंगमध्ये पकडतील. निंगला सहज विचारलं, कसा झालाय भाग? म्हणाली, पी खूश आहेत. म्हणजे पकडलं नाही. आंधळे.

गोल्फला आधीच सांगून ठेवावं का, की तुझं करिअरही बुडणार आहे? पंख्यापुरती तरी माणुसकी दाखवायला हवी. पण नको. सुडात अशी गळती लागली की संपलं.

२४ जून, संध्याकाळ
आज आठ वाजता. शेजाऱ्यांना बोलावलंय. रंगसनची फजिती एकट्याने बघणं हा स्वार्थ झाला. लमायने केळी तळलीत. समोरच्या घरातल्या साइयुत आजी सर्वांत पुढे खुर्ची टाकून बसल्यात.

२४ जून, नऊ वाजता
लोक हसले नाहीत.

विधवेने पाणी घातलं, मी हसलो, आणि साइयुत आजींच्या हातातली केळ्यांची बशी छतापर्यंत गेली. त्यांची सून ओरडली. तिचा नवरा चप्पल न घालता घरी गेला. लमाय उठून स्वयंपाकघरात गेली. रंगसनचा भाग इतका वाईट झालाय की लोकांना बसवत नाही, असं मी धरतो. जाताना आजी म्हणाल्या, थोंगबाय, उद्यापासून माझ्याकडे बघून हसू नकोस बाळा.

२७ जून
नूडल्सच्या गाडीवर दुसरा विषय नाही. हसरं प्रेत, हसरं प्रेत. गाडीवाली म्हणाली, माझा मुलगा तीन दिवस दिवा लावून झोपतोय. मी म्हटलं, तो मीच. ती म्हणाली, हो का, तिखट किती घालू?

१ जुलै
नवी यादी. नंबर एक: भाग दोनशे.

फोटो अर्ध्या पानाचा. माझा चेहरा! कपाळापासून हनुवटीपर्यंत! पेपर हातात धरून मी पाच मिनिटं उभा राहिलो. मग खालची ओळ वाचली. ‘कॉम्प्युटरची कमाल.’ आत रंगसनची मुलाखत. म्हणतो, प्रेताच्या त्या हसण्यावर आमच्या टीमने तीन आठवडे काम केलं.

सूड उलटा फिरला आहे. ज्याला बुडवायचं होतं त्याला मी पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं, आणि वर माझं हसूही त्याच्या पदरात घातलं. आज पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

४ जुलै
गेलो. सरळ त्याच्या केबिनमध्ये. म्हटलं, पी, ते हसू माझं आहे. मुद्दाम हसलो. तुमचा भाग पाडायला. आता काढून टाकायचं तर काढा, पण खरं बोला.

 रंगसनने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काका, तुम्ही? एकशे बारा प्रेतं केलीत, कधी पापणी हलली नाही. तुमच्याइतकं मेलेलं या देशात दुसरं कोणी नाही. तुमच्याकडून असं होणं शक्यच नाही. एडिटिंगवाल्यांनी केलंय ते, पोरं लाजतात सांगायला.

सोळा वर्षं मी हे ऐकायला थांबलो होतो. नेमकं आज म्हणाला.

मी म्हटलं, थांबा, करून दाखवतो. डावा कोपरा आधी, उजवा मागून. त्याने मोबाइलवर तो सीन लावला, माझ्या तोंडाशेजारी धरला, निंगलाही बोलावलं. दोघांनी नीट बघितलं. रंगसन अगदी हळू आवाजात, माझं मन दुखू नये अशा बेताने म्हणाला, नाही हो काका. तुमचं हे माणसाचं हसू आहे.

५ जुलै
लमायने पेपरातला फोटो कापून फ्रिजवर चिकटवलाय. ‘कॉम्प्युटरची कमाल’ कात्रीने उडवली आणि खाली पेनने लिहिलं: थोंगबाय. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं हा मी आहे? म्हणाली, सांगायला कशाला हवं? त्या दिवशी आत गेले ते हसू आवरेना म्हणून. गुदगुल्या झाल्या होत्या ना?

अक्षर वाकडं आहे. फाडणार होतो. उद्या फाडेन.

१२ जुलै
पुढच्या सीझनसाठी बोलावलं. हसरं प्रेत आता दर भागात. रंगसन म्हणाला, काका, तुम्ही फक्त निपचित पडा, बाकी सगळं कॉम्प्युटर करेल. मी ठाम नकार देऊन ‘किती वाजता यायचं’ असं विचारलं.

१९ जुलै
मरण एकशे चौदावं. पंखा चादरीखाली ठेवला होता, बरं पडलं. कट झाला. डोळे उघडले, हसलो. कॅमेरामन लेन्सला झाकण लावत होता. निंग पुढच्या शॉटकडे धावली होती. म्हणाली, काका, आता तुमच्या हसण्याची गरज नाही, ते नंतर घालतात. मी तसाच दोन मिनिटं दात काढून पडून राहिलो. कुणीच बघितलं नाही.

घरी जवळजवळ पळतच आलो. हसू कुणी बघितलंच नाही तर ते धरत नाहीत, मरण चिकटतं. लमाय ओट्याशी मिरच्या कुटत होती. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हसलो. तिने मान वर केली, दात दिसेपर्यंत नीट बघितलं.

म्हणाली, हं, झालं. हातपाय धुवा, भात निवतोय.

रंगसनचं काय करायचं ते उद्या लिहीन.