चौथा घोडे धरतो

९ मे १८८७

आज हॅस्कल मळ्यावर पोचले. नेब्रास्काचं आभाळ एवढं अफाट, की गाडीतून उतरताच व्याख्यान ठोकावंसं वाटलं! जुने घोडदळवाले सार्जंट ऑरिन हॅस्कल यांनी घराण्याचा इतिहास लिहायला बोलावलंय. तीस तारखेला सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहतात, तेव्हा त्यांची नात आयडेला तो गावापुढे वाचणार. पोर सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मला पाहताच विचारते कशी, दारूबंदीवर भाषणं करणाऱ्या बाई तुम्हीच ना, मग आजोबांची बाटली लपवू का? तिची विधवा आई, सार्जंटची मुलगी ड्रुसिला, मात्र हसली नाही.

जेवणाआधी इथे प्रार्थना नाही, मोजणी होते. घोडदळाची रीत. सार्जंट एक, ड्रुसिला दोन, आयडेला तीन, मी चार. सार्जंट म्हणाले, नशीबवान आहात बाई. तिघं उतरून लढतात, चौथा मागे घोडे धरतो. मग मक्याची भाकरी फोडली.

१२ मे

सार्जंट सांगतात, मी लिहिते. वीस वर्षांपूर्वी, थंडीत, नदीकाठी चेयेन नावाच्या आदिवासी जमातीशी घनघोर लढाई. शत्रू तीनशे, सगळे हत्यारबंद. आपण स्वतः चौथे, घोडे धरून उभे, म्हणून हाताला रक्त नाही. मी विचारलं, आपले किती पडले? एकही नाही. त्यांच्या बंदुका किती सापडल्या? म्हातारा भडकला. म्हणे, लिहायला आलात की उलटतपासणीला?

१५ मे

दुपारच्या मोजणीत माझ्या 'चार'नंतर कुणीतरी 'पाच' म्हणालं. लहान मुलाचा आवाज. खोडी समजून आयडेलाकडे डोळे वटारले. तिचं तोंड दुधाच्या पेल्यात होतं.

१८ मे

आज मोजणी नऊपर्यंत गेली. म्हातारा मान खाली घालून जेवतो.

कपडे वाळत घालताना ड्रुसिलानं सांगितलं. तिच्या तिन्ही भावांनी, एकेकानं सातव्या वर्षी, हीच लढाई कबरींपुढे म्हणून दाखवली होती. आठवड्याच्या आत गेले. ताप नाही, खोकला नाही. घरच्या बायबलमधलं मृत्यूंचं पान पाहिलं. तिन्ही तारखा जूनच्या. मुलगे संपले, आता नात.

मग तू वाचू का देतेस, असं विचारलं, तर फटकन म्हणाली, घर त्यांचं, अन्न त्यांचं, पोरीला घेऊन जाऊ कुठे? व्यासपीठावर टाळ्या घेणं सोपं असतं, बाई.

२१ मे

सतरा.

म्हाताऱ्याला तबेल्यात गाठलं. आधी शिव्या, मग रडला. वस्ती झोपलेली होती. पुरुष शिकारीला गेलेले. मारली ती बायका आणि मुलं, एकतीस. तो चौथा होता हे खरं. पण लगाम झुडपाला बांधून तो पुढे गेला. कुणी हुकूम दिला नव्हता.

मी म्हटलं, हेच लिहीन. तो म्हणाला, लिहा, त्याच दिवशी मायलेकींना रस्त्यावर काढतो.

जन्मभर सत्यासाठी घसा कोरडा केला मी. आणि आज 'लढाई' लिहिलं. 'घोडे धरले' लिहिलं.

२५ मे

सव्वीस. आयडेलाचं पाठ झालंय. कोंबड्यांना म्हणून दाखवते.

२८ मे

एकतीस. एवढेच. आता थांबतील — थांबायला हवेत —

२९ मे, सकाळ

बत्तीस.

आवाज आयडेलाचा. बाहेरून, नदीकडून. ती माझ्या शेजारी बसलेली, ओठ मिटलेले, हात बर्फासारखा. मग हळूच विचारलं तिनं, बाई, मला दोनदा का मोजलं?

२९ मे, दुपार

खोट्या लढाईचा तो कागद जाळला. आम्ही तिघी माडीवर, दाराला कडी. बायबलच्या पानावर, तिन्ही मुलांच्या नावांखाली लिहिते आहे. उद्या हे मी वाचीन, अख्ख्या गावापुढे. दोघींना माझ्या बहिणीकडे नेईन.

लिहून झालं — वस्ती झोपलेली होती. ऑरिन हॅस्कलनं लगाम बांधला आणि तो पुढे गेला.

सार्जंट दार बडवत होता. एकदम थांबला. आता जिन्यावर मोजणी — अकरा — बारा — अनवाणी पावलं —

ड्रुसिला दाराला पाठ लावून उभी. पोर माझ्या मांडीत —

तीस — एकतीस —

गप्प झाले. बत्तिसाव्याची वाट पाहतायत. आयडेलाचे ओठ हलतायत —

मी चौथी. मागे राहायची मुभा आहे मला. तिच्या तोंडावर हात ठेवला आहे. तिच्याऐवजी मीच म्हणते, बत्ती —